हे कुणाला सांगितलं होतं?

जुन्या करारात यिर्मया या संदेष्ट्याचं पुस्तक आहे, त्याच्या २९व्या अध्यायातलं अकरावं वचन बहुतेक ख्रिस्ती माणसांना तोंडपाठ असतं. तुमच्याविषयी माझ्या मनात काय योजना आहेत त्या मला ठाऊक आहेत, असं देव तिथे म्हणतो. त्या हिताच्या आहेत, अनिष्टाच्या नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणाऱ्या आहेत. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हे वचन दिलं जातं, नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्यांना दिलं जातं, शुभेच्छापत्रांवर छापलं जातं. त्याच्या लगेच आधीचं दहावं वचन मात्र कुणी कुणाला देत नाही. त्यात ७० वर्षांचा आकडा आहे.

इसवी सनपूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा राजा, राजमाता, सरदार, कारागीर, लोहार यांना पकडून बाबेलला नेलं. मागे राहिलेल्या यिर्मयाने या बंदिवानांना पत्र पाठवलं. ते पत्र म्हणजेच २९वा अध्याय. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिरातली लुटून नेलेली भांडीसुद्धा परत येतील. लोकांना काय ऐकायचं होतं हे त्याला नेमकं कळलं होतं. यिर्मयाचं पत्र त्याच्या बरोबर उलट आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला बंदिवान करून नेलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कारण ७० वर्षं जायची आहेत. ज्या प्रौढ माणसांनी हे पत्र वाचून घेतलं असेल, त्यांतले जवळपास सगळे परदेशाच्या मातीतच पुरले जाणार होते. भविष्य होतं, आशाही होती; पण ती एका समाजाला दिलेली होती आणि ती पुरी होताना पाहणारे डोळे नातवंडांचे असणार होते.

माझे वडील गेले तेव्हा आम्हाला हे वचन पुष्कळांनी पाठवलं. सगळ्यांच्या मनात माया होती आणि ती आमच्यापर्यंत पोचलीही. पण त्या दिवसांत मला नुसतं अकरावं वचन वाचणं जमत नव्हतं. एका रात्री मी पूर्ण अध्याय वाचला, मग मागचा, मग पुढचा. धीर मिळाला तो मला त्या पूर्ण पत्रातून. आपल्या हयातीत न सुटणाऱ्या गोष्टी असतात हे देवाने माणसांना स्पष्ट सांगितलं होतं, आणि तरीही बाग लावायला सांगितलं होतं. शुभेच्छापत्रावरच्या एका ओळीत हे मावत नाही. ते पत्र मला आलेलं नाही, ते दुसऱ्यांचं आहे, हे एकदा मान्य केल्यावरच ते माझ्याशी बोलायला लागलं.

पवित्र शास्त्र वाचताना ‘हे कोणत्या काळी, कुणाला सांगितलं’ असं विचारलं की काही श्रद्धावंत अस्वस्थ होतात. वचन आपल्यापासून दूर जाईल, ते इतिहासाच्या कपाटात जाऊन बसेल, अशी त्यांना भीती वाटते. ती भीती मी हलकी समजत नाही, कारण असं कपाट करणारी माणसं होऊन गेली आहेत. पण हा प्रश्न काही श्रद्धा आटलेल्या विद्वानांनी बाहेरून आणून टाकलेला नाही. तो शास्त्राच्या आतच आहे, आणि तिथे तो एका तहानलेल्या माणसाने विचारलेला आहे.

नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथियोपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतो आहे. यरुशलेमला उपासनेसाठी जाऊन तो परत निघाला आहे. फिलिप्प हा सुवार्तिक धावत रथाजवळ जातो आणि विचारतो, वाचताय ते कळतंय का? कुणी समजावून सांगितल्याशिवाय कसं कळणार, असं म्हणून खजिनदार त्याला वर बसवून घेतो. वाचलेला भाग ५३व्या अध्यायातला, वधाला नेलेल्या मेंढरासारख्या गप्प राहिलेल्या सेवकाचा. मग खजिनदार विचारतो: संदेष्टा हे कुणाविषयी म्हणतो आहे, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? शास्त्र कसं वाचावं यावर लिहिलेल्या जाड ग्रंथांचा पहिला प्रश्न हाच असतो. फिलिप्प त्याला गप्प करत नाही, तुझा विश्वास कमी पडतोय असं सुनावत नाही. याच प्रश्नापासून सुरुवात करून तो त्याला येशूची सुवार्ता सांगतो.

पण या प्रसंगाच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. हा खजिनदार षंढ आहे. अनुवाद या नावाच्या, मोशेच्या नियमशास्त्रातल्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायातला नियम सांगतो, की अशा माणसाने परमेश्वराच्या मंडळीत यायचं नाही. म्हणजे इतका लांबचा प्रवास करून तो ज्या देवाच्या उपासनेला गेला, त्याच देवाच्या नियमशास्त्रात त्याला दार बंद होतं. आणि त्याच्या हातात जे यशयाचं पुस्तक होतं, त्याच पुस्तकात तीन अध्याय पुढे लिहिलं आहे: ‘मी तर वाळलेलं झाड’ असं षंढाने म्हणू नये, माझा करार पाळणाऱ्या षंढांना मी माझ्या घरात, पुत्र आणि कन्यांहून उत्तम असं नाव देईन. ५६वा अध्याय. रथात बसून ते दोघे तिथपर्यंत पोचले की नाही, हे प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक सांगत नाही. पुढे पाणी दिसतं, आणि खजिनदार विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला आता काय हरकत आहे? ज्याच्या वाट्याला आयुष्यभर हरकतच आली, त्याच्या तोंडचा हा प्रश्न मला अजूनही सहजपणे वाचता येत नाही.

अनुवाद, यशया, प्रेषितांची कृत्ये. एकाच विषयावर तीन काळ तीन प्रकारे बोलतात. सगळं एकाच पातळीवर, एकाच वेळी, सगळ्यांना सांगितलंय असं धरून वाचलं तर तिन्हींची मारामारी होते आणि जो वाचणाऱ्याच्या स्वभावाला जवळचा तो जिंकतो. काळाचा क्रम धरला तर दिसतं, की नियम ज्याला बाहेर ठेवतो त्याच्यासाठी संदेष्टा दार उघडायचं वचन देतो आणि प्रेषितांच्या काळात तो माणूस खरोखर आत येतो. असंच इस्राएलच्या शेजारच्या मवाबी लोकांबाबत. त्याच २३व्या अध्यायात मवाब्यांना मज्जाव आहे, आणि रूथच्या पुस्तकात एक मवाबी सून दावीद राजाची पणजी होते. शास्त्र स्वतःच्या आत स्वतःशी बोलत असतं. काळ पुसून टाकले की हे बोलणं ऐकू येत नाही.

येशूनेही असंच वाचलं. नासरेथच्या सभास्थानात त्याच्या हाती यशयाचं पुस्तक दिलं जातं. ६१व्या अध्यायातला भाग काढून तो दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष इथवर येतो, आणि पुस्तक गुंडाळून परत देतो. यशयातलं वाक्य मात्र तिथे संपत नाही. त्याच दमात पुढे देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख आहे. येशू वाक्याच्या मधेच थांबला, आणि मग म्हणाला, हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पडत असताना पूर्ण झाला आहे. आज काय पूर्ण झालं आणि काय नाही, हे त्याने कुठे थांबायचं ते ठरवून दाखवलं.

अशा थांबण्याचा आधार घेणारी एक मोठी मांडणी पुढे उभी राहिली. १९व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश बेटांवरच्या उपदेशकाने देवाच्या कारभाराची वेगवेगळी युगं पाडून शास्त्र शिकवलं, आणि इस्राएल व मंडळी यांच्यासाठी देवाच्या योजना वेगळ्या आहेत हे आग्रहाने सांगितलं. पुढे अमेरिकेत सायरस स्कोफील्ड यांनी १९०९ मध्ये टिपांसह बायबल काढलं. त्यात सात युगं आहेत: निष्पापपणा, सदसद्विवेक, मानवी शासन, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य. या टिपा शास्त्राच्याच पानावर, वचनांच्या खाली छापल्या होत्या. त्यामुळे लाखो वाचकांच्या मनात वचन कुठे संपतं आणि टीप कुठे सुरू होते, ही सीमा पुसट झाली असावी असं मला वाटतं. दुसऱ्या बाजूला सुधारित, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, पंथांची कराराची मांडणी आहे. आदामाच्या पतनानंतर कृपेचा करार एकच, फक्त त्याची व्यवस्था वेगवेगळ्या काळी वेगळी, असं १६४६ मध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासजाहीरनामा म्हणतो. माझा ओढा या दुसऱ्या बाजूकडे आहे. तरी युगं मानणाऱ्यांचं एक ऋण मी मान्य करते. कुठलंही पान उघडून पहिलं दिसलेलं वचन स्वतःला लावून घेऊ नका, आधी ते कुणाला लिहिलंय ते बघा, हे त्यांनी साध्या वाचकांना शिकवलं.

मात्र विभागणीची चटक लागली की माणूस कुठवर जातो तेही याच परंपरेत दिसतं. इथेल्बर्ट बुलिंजर या इंग्रज अभ्यासकाच्या मते आजची मंडळी प्रेषितांच्या कृत्यांच्या २८व्या अध्यायानंतरच सुरू होते. म्हणजे तिला थेट लिहिलेली पत्रं प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिलेली तेवढी. त्या वाटेने गेलेल्या काहींनी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनही मागच्या युगात ढकलून दिलं. खुद्द स्कोफील्ड यांच्या टिपांतही येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा शब्दशः अंमल येणाऱ्या राज्यासाठी राखून ठेवलेला आहे. मंडळीला त्यातून नैतिक बोध घ्यायला मोकळीक आहे, पण मुळात ते तिच्यासाठी नाही. हे वाचून मला आजही धक्का बसतो. दुसरा गाल पुढे करा, शत्रूंवर प्रीती करा, धन साठवू नका: येशूच्या तोंडचे सगळ्यात अवघड शब्द नेमके दुसऱ्या युगाच्या खात्यावर जमा व्हावेत? दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या एका शिक्षकाने जुना करारच फेकून दिला होता, आणि इसवी सन १४४च्या सुमाराला रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. त्याच्याकडेही एक नीटनेटकी विभागणी होती. तिच्यात बसेना ते त्याने लूकच्या शुभवर्तमानातूनही कापून टाकलं.

म्हणून माझा आग्रह एवढाच असतो, की हा प्रश्न गोड आणि कडू दोन्ही वचनांना सारखाच विचारला जावा. तसा तो विचारला जात नाही. अनुवादाचा २८वा अध्याय घ्या. पहिल्या १४ वचनांत आशीर्वाद आहेत: नगरात आशीर्वाद, शेतात आशीर्वाद, तू मस्तक होशील, पुच्छ होणार नाहीस. पुढची ५४ वचनं शापांची आहेत. या १४ वचनांवर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत, आणि तिथे उपदेशक नेहमी ‘हे तुमच्यासाठी आहे’ असंच म्हणतात. त्या ५४बद्दल विचारलं की उत्तर मिळतं, ते इस्राएलसाठी होतं, आपण आता कृपेखाली आहोत. एकाच कराराची दोन कलमं, आणि त्यांतलं एकच आपल्या नावावर! इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायातलं वचनही तसंच. माझ्या लोकांनी नम्र होऊन प्रार्थना केली तर मी त्यांच्या देशाला बरं करीन, हे शलमोनाला मंदिराच्या समर्पणानंतर, अवर्षण आणि टोळधाडीच्या संदर्भात सांगितलेलं आहे. आज कुठल्याही देशातला उपदेशक ते आपल्या देशाला लावतो. पश्चात्तापी लोकांकडे देव वळतो, हा बोध त्यातून सगळ्यांनी घ्यावा, त्याला माझी हरकत नाही. पण मग यहेज्केल आणि आमोस त्याच इस्राएलला गरिबांवरच्या अन्यायाबद्दल जे सुनावतात, तेही त्याच हाताने आपल्या देशाला लावायला हवं. तिथे मात्र अचानक सगळ्यांना इतिहास आठवतो.

नव्या करारातली पत्रं तर उघडउघड कुणाची तरी पत्रं आहेत. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, येताना पुस्तकंही आण, असं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहिलेलं आहे. ही आज्ञा पाळायला आपण कुणी निघत नाही. पण जिथे असा झगा दिसत नाही तिथे पत्र वाचतोय हे आपण विसरतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाची सुरुवात ‘तुम्ही लिहिलेल्या गोष्टींविषयी’ अशी आहे. म्हणजे त्यांचं पत्र आधी आलेलं होतं, ते आपल्याकडे नाही, आणि आपण अर्धाच संवाद ऐकतो आहोत.

आमच्या शास्त्राभ्यासाच्या गटात एक वयस्क बाई आहेत. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मुलांना वचनं शिकवण्यात, आजाऱ्यांपाशी बसून प्रार्थना करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. याच पत्राच्या चौदाव्या अध्यायातलं, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं हे वचन त्यांना एकाने ऐकवलं होतं आणि ते त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं. “देवाला माझी प्रार्थना नकोच होती का गं?” असं त्यांनी विचारलं तेव्हा खोलीत कुणालाच काही बोलता येईना. मग आम्ही पानं मागे उलटली. अकराव्या अध्यायात हाच पौल स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना मस्तक झाकावं की नाही यावर लिहितो. मोठ्याने प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रिया तिथे होत्या, आणि तो त्यांना थांबवत नाही. चौदाव्या अध्यायात गप्प राहायला तो आणखी दोघांनाही सांगतो: अर्थ सांगणारा कुणी नसेल तर अन्य भाषांत बोलणाऱ्याला, आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर आधी बोलत असलेल्या संदेष्ट्याला. अख्खा अध्याय एका गोंगाटी मंडळीला शिस्त लावणारा आहे. शिवाय स्त्रियांविषयीची ही दोन वचनं काही जुन्या हस्तलिखितांत त्या जागी नसून अध्यायाच्या शेवटी येतात, त्यामुळे ती मुळात पौलाची आहेत का यावरच अभ्यासकांत वाद आहे. आणि रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी आहे, पौलाची सहकारी प्रिस्किल्ला आहे. मावशींनी ती सगळी वचनं आपल्या वहीत लिहून घेतली. इतर मंडळ्या या वचनावरून वेगळा निष्कर्ष काढतात, आणि त्यांतले पुष्कळजण प्रामाणिकपणे काढतात. पण संदर्भ झाकून ठेवून एका म्हाताऱ्या बाईच्या प्रार्थनेवर संशय आणणं मला अक्षम्य वाटतं.

पौल तर एकाच प्रश्नावर दोन माणसांबाबत दोन निर्णय घेतो. गलतीकरांना तो लिहितो, सुंता करून घ्याल तर ख्रिस्ताचा तुम्हाला काही उपयोग नाही. आपला ग्रीक सहकारी तीत याची सुंता त्याने होऊ दिली नाही. आणि तीमथ्याची, ज्याची आई यहूदी आणि बाप ग्रीक, त्याची सुंता त्याने स्वतः करवली, तीही यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती नको असं ठरवल्यानंतर लगेच. याला कुणी दुटप्पीपणा म्हणेल. मला त्यात समोरच्या माणसाकडे नीट पाहणारा पौल दिसतो. तीताच्या बाबतीत सुंता म्हणजे तारणाची अट झाली असती. तीमथ्याच्या बाबतीत ती यहूद्यांच्या घरात जाऊन बोलण्याची सोय होती. विश्वास की कृती, यावरचं पौल आणि याकोब यांच्या पत्रांतलं भांडणही मला असंच निवळताना दिसतं. नियमशास्त्र पाळूनच देवाच्या घरात यावं लागेल अशा धाकाखाली असलेल्या परराष्ट्रीयांना पौल सांगतो, अब्राहाम विश्वासाने नीतिमान ठरला. याकोबाचं पत्र पांगलेल्या बारा वंशांना आहे, आणि ते अशा लोकांना गाठतं, जे उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावतात. त्यांना तो सांगतो, तुमचा विश्वास मेलेला आहे. १५२२ मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरने याकोबाच्या पत्राला गवताच्या काड्यांचं पत्र म्हटलं. लूथरचा लढा कर्मांनी तारण मिळतं या शिकवणीशी होता हे माहीत असलं, की त्याचं ते वाक्यही त्याच्या काळात ठेवून वाचता येतं.

सध्या आमच्या गटात पौलाने फिलेमोन या गुलामाच्या मालकाला लिहिलेलं पत्र चालू आहे. एवढंसं, २५ वचनांचं पत्र. अमेरिकेत गुलाम बाळगणाऱ्यांनी ते हातात धरून सांगितलं, की पाहा, पौलाने पळालेला गुलाम मालकाकडे परत पाठवला. गुलामगिरी मोडू पाहणाऱ्यांनीही तेच पत्र वाचलं आणि ‘दास म्हणून नव्हे, दासाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून’ या शब्दांवर बोट ठेवलं. गुलामगिरी बंद करा असं पौल सरळ लिहीत नाही, आणि त्याने लिहायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. हे दुखणं संदर्भ सांगून पूर्ण जात नाही. पण पत्र कुणाला आहे हे पाहायला आम्ही पहिल्या दोन वचनांवर थांबलो. फिलेमोनाबरोबर तिथे अफ्फियाचं नाव आहे, अर्खिप्पाचं आहे, आणि ‘तुझ्या घरात जमणाऱ्या मंडळीला’ असंही आहे. म्हणजे हे पत्र भर मंडळीत वाचलं जायचं होतं, आणि मंडळीत गुलाम असायचेच. पत्र घेऊन आलेला अनेसिम, म्हणजे ज्याच्याविषयी ते पत्र आहे तो गुलाम, तिथे उभा असणार. मालकाने एकट्याने आतल्या खोलीत ठरवायची गोष्ट पौलाने सगळ्यांच्या कानांवर घातली; अनेसिमावर काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आणि शेवटी सांगितलं, की माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव, मी येणार आहे.